सीडी प्लेअर घ्यायचाय? आधी माळा उघडा

सांगलीच्या एका वाचक भगिनीचे पत्र समोर आहे. चार पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, आणि खरा प्रश्न शेवटच्या पानाच्या समासात, आडवा, बारीक अक्षरात. आपल्या बायकांच्या पत्रांत हे नेहमीच होते. जे अगत्याचे ते समासात जाते.

पत्रातला मजकूर थोडक्यात असा. घरात सासूबाई आहेत, वय ८१. दुपारी सारे घर पाठ टेकते तेव्हा त्यांना गाणे लागते. मालिका नको, बातम्या नकोत. सासरे होते तेव्हा दोघांनी मिळून जमवलेल्या दीडशेच्या वर सीड्या आहेत. ख्याल, नाट्यगीते, अभंग, भावगीते, सगळे आहे. पण जुन्या म्युझिक सिस्टिमचा खण आता बाहेर येत नाही, आणि आला तर आत जात नाही. मुलगा म्हणतो, "आजी, सगळं फोनवर असतं." यजमान म्हणतात, "आता या वयात कशाला खर्च?" दुकानात चौकशी केली तर दुकानदार डॅक, बिट आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरी यांवर अर्धा तास बोलला. बाईंना त्यातले काही कळले नाही, आणि "कळले नाही" म्हणायची लाज वाटली. तेव्हा कोणता प्लेअर घ्यावा?

आणि समासात: "यांत एक सीडी सासूबाईंच्या स्वतःच्या गाण्याची आहे. लग्नाआधी त्या गात असत. मूळ कॅसेटवरून २००४ साली एका स्टुडिओतून सीडी करून घेतली होती. कॅसेट २०१९ च्या पुरात गेली. सीडी माळ्यावर होती म्हणून वाचली. पण गेल्या दिवाळीपासून ती लागत नाही. चांगला प्लेअर घेतला तर लागेल का हो?"

मी या समासापासूनच सुरुवात करते, कारण प्लेअर पुढच्या महिन्यात घेतला तरी चालतो. ही सीडी मात्र थांबणारी नाही.

दुकानात मिळणारी छापील सीडी आणि स्टुडिओत किंवा घरच्या कॉम्प्युटरवर भरून घेतलेली सीडी, या दिसायला बहिणी असल्या तरी जातकुळी वेगळी. छापील सीडीत प्लॅस्टिकवर बारीक खळगे साच्याने दाबून उठवलेले असतात. ते सहजी कुठे जात नाहीत. भरून घेतलेल्या सीडीत मात्र एका रंगद्रव्याचा थर असतो आणि किरणाने तो जागोजागी बदलून त्यात गाणे लिहिलेले असते. रंग म्हटला की तो विटतो. उन्हाने विटतो, उष्णतेने विटतो, हलक्या प्रतीचा असेल तर नुसत्या वयानेही विटतो. आपल्याकडच्या पत्र्याखालच्या माळ्यावर चैत्र-वैशाखात काय तापते ते मी सांगायला नको. पुरापासून ज्या माळ्याने वाचवली, त्याच माळ्याने तिला थोडी थोडी खाल्लेली असणार.

ओळखायची कशी? उलटी करून उजेडात धरा. छापील सीडीची वाजणारी बाजू चांदीसारखी लख्ख असते. भरून घेतलेलीची हिरवट, निळसर किंवा फिकट सोनेरी झाक मारते.

तेव्हा बाई, ती सीडी आता या प्लेअरमध्ये घाल, त्या प्लेअरमध्ये घाल, असे करू नका. दर वेळी घालता-काढताना एखादा ओरखडा वाढतो. कॉम्प्युटरला जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळवा. नव्या लॅपटॉपमध्ये तो नसतो, पण यूएसबीने बाहेरून जोडायचा मिळतो, आणि शेजारीपाजारी एखादा जुना कॉम्प्युटर असतोच. बरेचदा प्लेअर ज्या सीडीपुढे हात टेकतो ती कॉम्प्युटर वाचतो, कारण त्याला ती गाण्याच्या वेगाने वाजवायची घाई नसते. एकाच जागी पुन्हा पुन्हा वाचून पाहणारे प्रोग्रामही असतात. आणि एका ड्राइव्हने नाही वाचली म्हणून रडू नका, दुसऱ्यात घाला. दोन ड्राइव्हची नजर सारखी नसते, जशी दोन माणसांची नसते. कधी कधी सीडी बिघडलेलीच नसते. भरणाऱ्याने शेवटी ती 'फायनलाइज' केलेली नसते, म्हणजे पत्र लिहून पाकीट उघडेच ठेवलेले असते. अशी सीडी प्लेअरला दिसत नाही, कॉम्प्युटरला दिसू शकते. तुमची पूर्वी लागत होती, तेव्हा तुमच्या बाबतीत हे संभवत नाही, पण इतर भगिनींनी लक्षात ठेवावे.

गाणे निघाले की मुलाला सांगा, एमपीथ्री करून जागा वाचवू नकोस. आहे तसे, न दाबता साठव. मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात, म्हणजे तासाभराच्या गाण्याला ६०० च्या आसपास. आजकाल लग्नाच्या एका व्हिडिओला त्याहून जास्त जागा लागते. आणि दोन ठिकाणी ठेवायचे. एक घरात आणि एक घराबाहेर, मुलीकडे, भावाकडे, कुठेही. पुराच्या गावात हे मी निराळे समजावून द्यायला नको.

हे झाले की मग प्लेअर.

प्लेअर घ्यायला निघालात की पहिले काम दुकानात जायचे नाही, घरातल्या सगळ्या तबकड्या खाली काढायचे. पलंगावर जुनी चादर अंथरा आणि ढीग लावा. छापील गाण्याच्या एका बाजूला. भरून घेतलेल्या दुसऱ्या बाजूला. मग निघतात त्या एमपीथ्री, २००० नंतरच्या दहा वर्षांत शंभर-शंभर गाण्यांच्या मिळायच्या त्या. आणि मग हमखास निघतात नाटकांच्या आणि सिनेमांच्या व्हीसीडी. आकार एकच, डबीही सारखी, त्यामुळे घरोघर यांची खिचडी झालेली असते.

हे ढीगच तुम्हाला सांगतील काय घ्यायचे ते. साधा सीडी प्लेअर छापील सीडी वाजवतो, भरलेली बहुधा वाजवतो, एमपीथ्री वाजवेलच असे नाही, ते त्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलेले असावे लागते. व्हीसीडी तर तो मुळीच दाखवणार नाही, त्याला चित्र येतच नाही. त्यासाठी डीव्हीडी प्लेअर लागतो. माझ्या माहितीतल्या एका घरात हौसेने प्लेअर आणला, आणि घरात होत्या त्या साठ तबकड्यांपैकी चाळीस नाटकांच्या निघाल्या. यजमानांनी तीन दिवस दुकानदाराला दूषणे दिली. दुकानदाराची काहीच चूक नव्हती.

आता दुसरा प्रश्न: हा प्लेअर जोडणार कशाला? ही गोष्ट दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. हाय-फायमधला सुटा सीडी प्लेअर स्वतः आवाज करत नाही. तो तबकडी वाचतो आणि तिचे विजेच्या रूपातले गाणे मागच्या लाल-पांढऱ्या सॉकेटांतून पुढे देतो. ते मोठे करायला अ‍ॅम्प्लिफायर लागतो आणि ऐकवायला स्पीकर लागतात. सासऱ्यांच्या काळातला अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर घरात धड असतील तर तुमचे मोठे काम झालेले आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे 'सीडी' किंवा 'ऑक्स' लिहिलेल्या जागी लाल-पांढऱ्या पिना घालायच्या. 'फोनो' लिहिलेल्या जागी चुकूनही नाही. ती जागा ग्रामोफोनच्या अगदी क्षीण आवाजासाठी केलेली असते. तिथे सीडी जोडली तर घोगरा, फाटका आवाज येतो आणि मग आपण नव्याकोऱ्या प्लेअरला नावे ठेवतो.

तुमच्या सिस्टिममध्ये सगळे एकाच डब्यात असेल, तर तिच्या मागे 'ऑक्स'ची जागा आहे का ते पाहा. असेल तर फक्त खण मेला आहे, बाकीची सिस्टिम जिवंत आहे, आणि सुटा प्लेअर तिला जोडता येतो. आणि हो, खण अडकण्याचे कारण पुष्कळदा आतला एक छोटा रबरी पट्टा सैल होणे, एवढेच असते. चांगला कारागीर तो बदलून देतो. नवे घेण्यापूर्वी एकदा दाखवून तर बघा.

माळ्यावर बंद पडलेला नव्हे पण नकोसा झालेला डीव्हीडी प्लेअर आहे का? तोही गाण्याची सीडी वाजवतो. लाल-पांढऱ्या पिना त्यालाही असतात. त्याची दोन दुखणी सांगून ठेवते. एक, काही डीव्हीडी प्लेअर दोन ट्रॅकच्या मध्ये बारीकशी थबक घेतात. भावगीतांत ती कळत नाही, पण मैफलीच्या सीडीत आलापातून बंदिशीत जाताना कुणीतरी मध्येच चहा विचारायला यावे तसे होते. दुसरे, टीव्ही बंद असेल तर तो काय करतो आहे हे म्हाताऱ्या माणसाला समजत नाही. सगळा कारभार रिमोटवर. तरी पण पैसे वाचवायचेच असतील, किंवा महिना-दोन महिने निभावायचे असेल, तर याच्याइतकी स्वस्त सोय नाही.

नवा सुटा प्लेअर म्हणजे बहुधा पाच आकडी रक्कम. डेनॉन, मॅरँट्झ, यामाहा, केंब्रिज ऑडिओ अशी नावे कानावर येतील. नावावरून भांडण करण्यात मला रस नाही. या किमतीच्या टप्प्यात एका प्लेअरच्या आवाजात आणि दुसऱ्याच्या आवाजात जो फरक असतो, तो घरच्या खोलीत, पंखा चालू असताना, खाली रिक्षा जात असताना, तुम्हाआम्हाला ऐकू येईल असे मी म्हणणार नाही. कारण सीडीवर जे आहे ते ठरलेले आहे. १९८२ साली सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांच्या मेळाने सीडी बाजारात आली, तेव्हाच तिचे माप ठरले: सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची नोंद, प्रत्येक नोंद १६ बिटांची. डब्यावर २४ लिहा नाहीतर ३२ लिहा, तबकडीवर १६ च आहेत. पितळेच्या पातेल्यात घातले म्हणून लिटरभर दुधाचे दीड लिटर होत नाही. माणसाचा कान चांगल्या वयात २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, ते या मापात बसते, आणि वय वाढते तसे अगदी बारीक, वरचे आवाज आधी जातात. ८१ वर्षांच्या सासूबाईंसाठी मोठा आकडा विकत घ्यायचा नसतो.

फरक पडतो तो स्पीकरमध्ये. हातात पंचवीस रुपये असतील तर पाच प्लेअरवर आणि वीस स्पीकरवर, असा माझा हिशेब आहे. जुन्या स्पीकरचा कागदी पडदा ठीक असला तरी त्याच्या कडेची फोमची झालर कालांतराने भुगा होऊन गळते. जाळी काढून बोट लावून पाहा. बोटाला काळा चिकट भुगा लागला तर आवाज बसलेला वाटायचे कारण सापडले. ती झालर बदलून मिळते. वायरीचे म्हणाल तर साधी, जाड, घट्ट बसणारी वायर पुरे. सोन्याचा मुलामा दागिन्यांवरच शोभतो.

मग प्लेअरमध्ये पाहायचे काय? दुकानात जाताना आपल्या घरच्या तीन सीड्या पर्समध्ये घाला. एक छापील आणि चांगली, एक ओरखडे पडलेली, एक भरून घेतलेली. (सासूबाईंची नव्हे. ती घराबाहेर न्यायची नाही.) दुकानदाराची चकचकीत नमुन्याची सीडी ऐकूच नका. ती कशावरही गोड लागते.

खण उघडताना-मिटताना हात लावून नाही, कान लावून पाहा. खरखर, अडखळणे नको. सीडी घातल्यावर किती वेळाने तिला ट्रॅक दिसतात ते बघा. मग सरळ शेवटच्या गाण्यावर जा. सीडी ग्रामोफोनच्या उलट, आतून बाहेर वाजते. शेवटचे गाणे अगदी कडेला असते. कडेलाच आपली बोटे लागतात, कडेलाच तबकडी जास्त डुलते, आणि भरून घेतलेली सीडी बहुधा कडेकडून बिघडू लागते. जो प्लेअर तुमच्या ओरखडलेल्या सीडीचे शेवटचे गाणे न अडखळता वाजवतो, तो चांगला. मग फक्त तंबोरा चालू आहे अशी एखादी जागा लावा, आवाज वाढवा आणि स्पीकरजवळ उभ्या राहा. तंबोऱ्याखेरीज घूंऽऽ असा दुसरा कुणी गात असेल तर विचारा का ते. आणि आवाज पुन्हा कमी करायला विसरू नका. मी एकदा विसरले होते, पुढच्या ट्रॅकला सगळे दुकान दचकले.

नंतर प्लेअरच्या तोंडाकडे बघा. आणि हे खरे म्हणजे सगळ्यात महत्त्वाचे. कोण वापरणार आहे? पत्रात तुम्ही लिहिले आहे, सासूबाईंचा मोतीबिंदू काढलेला आहे आणि बोटे वाकत नाहीत. मग बटणे मोठी हवीत, एकमेकांपासून लांब हवीत, 'प्ले' आणि 'खण उघडा' ही दोन तरी यंत्रावरच हवीत, नुसती रिमोटवर नकोत. ट्रॅकचा आकडा पलंगावरून दिसायला हवा. 'प्ले'च्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावा. माझ्या आईच्या रेडिओला असा ठिपका होता आणि तो रेडिओ तिने शेवटपर्यंत कुणाला हाक न मारता लावला. दुपारी दोन वाजता "बेटा, जरा गाणं लावून दे ना" असे विनवावे लागणे आणि आपल्या हाताने लावता येणे, यात काय अंतर आहे ते ज्याला विनवावे लागते त्यालाच ठाऊक.

इथेच मुलाच्या फोनचेही बोलून टाकते. तो चुकीचे सांगत नाही. पुष्कळ गाणी खरोखरच फोनवर आहेत, आणि तुमच्या पिढीला, माझ्या पिढीलाही, ते सोयीचे आहे. पण फोनवरचे गाणे दुसऱ्याच्या कपाटातले असते. आज आहे, उद्या मालकाने काढून घेतले तर नाही. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या लहान पण जाणत्या मंडळींनी काढलेले जे आहे, ते सगळे तिथे त्याच रूपात सापडेल या भरवशावर घरची तबकडी रद्दीत घालू नका. आणि सासूबाईंच्या गाण्याचे तर विचारायलाच नको. ते जगात एकाच ठिकाणी होते, तुमच्या माळ्यावर.

शिवाय सीडी हा प्रकार आपल्या गाण्याला मानवला होता हे लक्षात घ्या. जुन्या ७८ च्या तबकडीवर गवयाला साधारण तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडून उठावे लागे. एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे. सीडीवर ७४ मिनिटे, मध्ये न उठता. म्हाताऱ्या गुडघ्यांना ही केवढी सोय!

एक जपून राहायची गोष्ट म्हणजे पाच-सहा सीड्या एकदम घालायचा प्लेअर. १९९९ साली आम्ही असाच एक घेतला होता. दिवे लुकलुकणारा, पाच तबकड्यांचा. दीड वर्षात चक्र अडकले, तेही आत चार सीड्या असताना. दुरुस्तीचा आकडा ऐकून ह्यांनी तो ट्रंकेवर ठेवला, आणि त्या चार सीड्या पुढे सहा महिन्यांनी बाहेर आल्या. जितके हलणारे भाग जास्त, तितकी कटकट जास्त. एक खण, एक तबकडी.

गॅरंटी किती हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारा: बिघडला तर आमच्या गावात कोण उघडणार? वाचणाऱ्या किरणाचा भाग, ज्याला कारागीर 'लेन्स' किंवा 'पिकअप' म्हणतात, तो बदलून मिळतो का? प्लेअर बहुधा तिथेच थकतो. उत्तर "बघू नंतर" असे आले तर दुसरे दुकान. जुना, वापरलेला घेत असाल तर हेच प्रश्न दुप्पट विचारा आणि घरी आणण्यापूर्वी पूर्ण एक सीडी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, समोर बसून ऐका. प्लेअर गरम झाल्यावर अडखळू लागतो की नाही ते दहा मिनिटांत कळत नाही.

परदेशातल्या दीर-नणंदांकडून मागवणाऱ्यांसाठी: सीडीला डीव्हीडीसारखे देशांचे कुलूप नसते, कुठलीही सीडी कुठेही वाजते. पण विजेचे कुलूप आहे. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची, जपानात १०० ची, आपल्याकडे २३०. मागच्या पट्टीवर नुसते १२० लिहिलेला प्लेअर आपल्या भिंतीत खोचला की पहिल्याच दिवशी धूर. पट्टीचा फोटो मागवून मगच हो म्हणा.

घरी आणल्यावर त्याला अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर बसवू नका, त्याची ऊब याला सोसत नाही. स्वयंपाकघराच्या दाराजवळ नको, फोडणीचा धूर आत जाऊन लेन्सवर तेलकट पापुद्रा धरतो. देवघराच्या उदबत्तीपासूनही जरा लांब. वर विणलेले कव्हर घालायला माझी ना नाही, पण चालू असताना काढून ठेवा, त्याला श्वास घ्यायला भोके दिलेली असतात. पावसाळ्यात सर्द हवेत सीडी आणि लेन्स दोन्हींवर ओल धरते. डब्या महिन्यातून एकदा उघडून कोरड्या हवेत ठेवा, उन्हात मात्र नाही.

सीडी पुसायची ती जुन्या मलमलीच्या मऊ कापडाने, मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ. ताटासारखी गोल गोल नव्हे. गाण्याची रेघ गोल गेलेली असते. आडवा ओरखडा ती ओलांडून जातो, आणि अशा लहानशा खंडाची भरपाई यंत्र आपल्या हिशेबाने करते. गोल ओरखडा मात्र रेघेबरोबर लांब चालतो आणि तिथे यंत्र हरते. नेलपॉलिश काढायचे औषध, थिनर, असले काही लावू नका, प्लॅस्टिक पांढरे पडते. आणि एक उलटीच गोष्ट: आपण चकचकीत बाजू जपतो आणि छापील बाजूने सीडी टेबलावर घसटतो. खरे गाणे छापील बाजूच्या अगदी खाली असते, वर नुसता लाखेचा पातळ हात. खालून सव्वा मिलिमीटरभर प्लॅस्टिकचे चिलखत आहे. छापील बाजूला खोल ओरखडा पडला की ते गाणे कुठलाही प्लेअर परत आणू शकत नाही.

पत्राचे उत्तर मी आधी पोस्टाने पाठवले होते, कारण अंक निघेपर्यंत थांबण्यासारखे ते नव्हते. मागच्या आठवड्यात त्यांचे दुसरे पत्र आले. या वेळी दोनच पाने, आणि समास कोरा.

पहिल्या ड्राइव्हने सीडी ओळखलीच नाही. गल्लीतल्या एका शिकवणीच्या मास्तरांकडे जुना कॉम्प्युटर होता, त्याने रात्रभर ती वाचली. सीडीवर सहा गाणी होती. चार स्वच्छ निघाली. पाचव्यात टिक टिक आहे, पण शब्द कळतात. सहावे, कडेचे, नाही आले. सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "ते तसंही बेसूरच झालं होतं." खरे की सुनेचे मन राखायला, हे विचारायची हिंमत झाली नाही, असे बाई लिहितात.

प्लेअरचे असे झाले: आधी तीन आठवडे माळ्यावरचा डीव्हीडी प्लेअर लावून पाहिला. आवाज ठीक होता, पण सासूबाईंना रिमोट जमेना, दर दुपारी हाक मारावी लागे. मग यजमानच म्हणाले, घेऊन टाक. एका खणाचा, मोठ्या बटणांचा घेतला. दुकानात सहा प्लेअर होते, त्यांतला दुसऱ्या क्रमांकाचा स्वस्त. राहिलेल्या पैशांत स्पीकरच्या झालरी बदलल्या. लाल ठिपका लावला आहे. मुलाने ती पाच गाणी नव्या सीडीवर भरून दिली आणि पेन ड्राइव्हवर घालून एक प्रत आत्याकडे नाशिकला पाठवली.

त्यांनी विचारले आहे की या नव्या सीडीवर नाव कसे लिहावे. बॉलपेनने मुळीच नाही, त्याचे टोक लाखेत रुतते. कागदी लेबल चिकटवू नका, ते एका बाजूने सुटले की सीडी डुलते आणि खणात अडकते. सीडीसाठी मिळणाऱ्या मऊ टोकाच्या पेनाने, मधल्या भोकाभोवती जी पारदर्शक कडी असते तिच्यावर, तारीख आणि नाव लिहावे. कडी अरुंद असते. मावेल तेवढेच लिहा, बाकीचे डबीवर.